यासीन, मुल्क की अम्मा पारा: पाठ करायला सुरुवात कुठून करायची?

अस्सलामु अलैकुम ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण वरवर तो "आधी कुठली सूरह", म्हणजे कुरआनचा कुठला अध्याय, असा दिसतो पण आत बरंच काही आहे. तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडला राहता, वय ३४, शिक्षण सगळं मराठी शाळेत, लहानपणी कायदा (अरबी अक्षरं वाचायला शिकवणारी पुस्तिका) सुरू केला होता तो अर्धवट सुटला. नमाजेत अल्हम्दु, कुल हुवल्लाह आणि इन्ना आतैना एवढंच येतं आणि तेही देवनागरी पुस्तिकेतून पाठ केलेलं. सहा महिन्यांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला आणि तेव्हापासून मनात आहे की कुरआनचं काहीतरी आपल्या पाठ असावं. आता सासूबाई म्हणतात यासीन कर, जाऊबाई म्हणतात मुल्क, मोबाईलवर कोणीतरी ३० दिवसांत अम्मा पारा (कुरआनचा तिसावा, शेवटचा भाग) असं टाइमटेबल टाकलंय आणि भाऊ म्हणतो करायचं तर सुरुवातीपासून, म्हणजे बकरहपासून. आणि घरात पाच वर्षांची मुलगी, नोकरी, सगळं सांभाळून.

मी वडाळा रोडला घरीच बायकांना आणि मुलींना नाजरा म्हणजे बघून वाचणं आणि थोडं हिफ्ज म्हणजे पाठांतर शिकवते, १९ वर्षं झाली. मी पूर्ण हाफिजा नाही, म्हणजे सगळं कुरआन पाठ नाही, माझे ३० पैकी १० पारे पाठ आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका तुमच्यासारख्याच, मराठी माध्यमातल्या, उर्दू बोलता येते पण वाचता येत नाही अशा. त्यामुळे जे सांगते ते त्यांच्यासोबत बसून जे बघितलं त्यावरून सांगते.

खरा प्रश्न कुठल्या सूरहची फजीलत, म्हणजे थोरवी, जास्त हा नाहीये, फजीलत सगळ्यांची आहे. खरा प्रश्न असा की पाठ केलेलं राहील कुठे? पाठ होतं हो, कोणाचंही होतं, महिनाभर जोर लावला तर मुल्कसुद्धा होते, पण दोन महिन्यांनी विचारलं की मधल्या आयती (सूरहमधली वाक्यं) गायब. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे की कुरआनला सतत उजळणी देत रहा, तो दोरीतून सुटणाऱ्या उंटापेक्षाही लवकर निसटतो. म्हणून मी नव्या बाईला पहिल्या दिवशी विचारते की तुमच्या दिवसात ही सूरह म्हणायला जागा कुठे आहे ते सांगा. जागा असेल तर ती सूरह आधी, नसेल तर नंतर.

आता जागा मोजून बघा. हनफी पंथाच्या पद्धतीने पाच फर्ज म्हणजे बंधनकारक नमाजांच्या १७ रकाती (नमाजेच्या फेऱ्या), सुन्नते मुअक्कदा म्हणजे आग्रहाच्या सुन्नतींच्या १२, रात्रीच्या वित्रच्या ३, म्हणजे ३२. या सगळ्यांत तुम्ही अल्हम्दु म्हणता. फर्जच्या फक्त पहिल्या दोन रकातींत आणि सुन्नत-वित्रच्या सगळ्या रकातींत सूरह जोडता, म्हणजे १० अधिक १२ अधिक ३, झाल्या २५. रोज २५ जागा आहेत जिथे तुम्हाला काहीतरी म्हणायचंच आहे आणि आत्ता त्या २५ जागांवर दोनच सूरह फिरतायत. वेगळा वेळ न काढता रोजची रिव्हिजन जिथे आपोआप होते ती ही जागा. यासीनचं असं नाही, ८३ आयती, १५ ओळींच्या कुरआनात साधारण साडेपाच पानं, ती नोकरी आणि लहान मूल असलेली बाई नमाजेत किती वेळा म्हणेल? म्हणून छोट्या सूरह आधी. फक्त सोप्या आहेत म्हणून नाही, त्या सुटत नाहीत म्हणून.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत हे मान्य करते. तुमच्या पाचही नमाजा होतात की ऑफिसमुळे जोहर-असर (दुपारच्या नमाजा) वेळ टळून कजा होतात, अरबी अक्षरं ओळखता येतात की अजिबातच नाही, आणि ऐकून चूक सांगणारं कोणी जवळ आहे का. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. कोणी ऐकणारं नसेल तर पुढचं सगळं जरा हळू करा.

आणि नवीन सूरहच्या आधी एक काम, अल्हम्दु दुरुस्त करणं. मला माहितेय हे ऐकून हिरमोड होतो, बाई येते ते नवीन शिकायला आणि मी तिला दोन-तीन आठवडे त्याच सात आयतींवर बसवते. पण दिवसातून ३२ वेळा जे म्हणायचं आणि ज्याच्याशिवाय नमाज नाही असं हदीसमध्ये आलंय त्यातच चूक असेल तर ती चूक दिवसाला ३२ वेळा पक्की होते.

देवनागरी पुस्तिकेबद्दल मनापासून सांगते कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. लग्नाच्या आधी मी अशाच एका पुस्तिकेतून यासीन पूर्ण पाठ केली होती, घरात सगळे खूश, मग पहिल्यांदा एका जाणकार आपांसमोर बसले तेव्हा त्यांनी दुसऱ्याच आयतीला थांबवलं. जेवढा वेळ पाठ करायला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ दुरुस्त करायला लागला, कारण जीभ वळली ती वळली. मराठी लिपी आपली आहे, सुंदर आहे, पण अरबीतले आवाज तिच्यात मावत नाहीत. तुम्हाला येणाऱ्या सूरहचंच घ्या, "कुल हुवल्लाह". हा क जिभेच्या मुळातून, घशाजवळून येणारा काफ आहे, त्याने अर्थ होतो "सांगा". तोच आपल्या नेहमीच्या क ने म्हटला तर अरबीत अर्थ होतो "खा". पुस्तिकेत दोन्ही "कुल"च. तसंच समद मधला स जाड आणि वन्नास मधला स बारीक, लिहिताना दोन्ही स.

आपल्या मराठी बोलणाऱ्यांची अजून एक वेगळी अडचण आहे जी उर्दूवाल्या शिक्षकांच्या पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे ज दोन, एक जेवण मधला आणि एक जर, जागा मधला. आता "इजा जाआ नसरुल्लाह" घ्या. पहिला ज खरं तर जाल हे अरबी अक्षर आहे, जिभेचं टोक दातांना लावून हलका येतो. दुसरा जीम, तो जेवण मधल्या ज सारखा पाहिजे, पण मराठी जीभ तिथे सरळ "तू जा" मधला जा म्हणून टाकते कारण शब्दच तसा दिसतो. फ चं पण तेच, फळ म्हणताना आपले दोन्ही ओठ मिटतात, पण फलक, फील, अफवाजा यात वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. हे एकदा दाखवलं की बायका चार दिवसांत उचलतात, पण कोणीतरी दाखवावं लागतं.

म्हणून अर्धवट राहिलेला नूरानी कायदा पुन्हा उघडा, रोज १५ मिनिटं, अगदी मुलीला शेजारी घेऊन. तोपर्यंत पाठांतर थांबवा असं मी म्हणत नाही, दोन्ही सोबत चालू दे, फक्त पाठांतर ऐकून करा, पुस्तिका वाचून नाही. अडखळलात तर वाईट वाटून घेऊ नका, हजरत आयेशांकडून हदीस आहे की जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी सवाब (पुण्य) आहे. माझ्याकडे पन्नाशीच्या बाया हे ऐकून डोळे पुसतात.

आता क्रम. आपल्याकडे सगळे "अलम तरा पासून वन्नास पर्यंत" म्हणतात त्या १० सूरह, फील ते नास. ज्या मशिदींत तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज, पूर्ण कुरआनची होत नाही तिथे याच दहा दोनदा म्हणून २० रकाती होतात, म्हणजे या दहा आल्या की रमजानात घरी तरावीहसुद्धा तुमची तुम्ही पढू शकता. दहाही मिळून आयती फक्त ४८, त्यातल्या कुल हुवल्लाहच्या ४ आणि इन्ना आतैनाच्या ३ तुम्हाला येतातच. राहिल्या ४१.

या दहा मी क्रमाने करून घेत नाही. आधी कुल हुवल्लाह नीट, मग वन्नास, मग फलक. वन्नास आधी का, तर प्रत्येक आयतीचा शेवट सारखा, कानाला आधार मिळतो. फलक मध्ये "व मिन शर्रि" तीनदा येतं आणि नवीन माणूस तिथे पुढचं मागचं करतो, आधी गासिक म्हणजे अंधाराची रात्र, मग नफ्फासात म्हणजे गाठींवर फुंकणाऱ्या, मग हासिद म्हणजे जळणारा. अर्थ असा डोळ्यासमोर ठेवला, बाहेरच्या अंधारापासून माणसाच्या मनातल्या जळण्यापर्यंत, की क्रम चुकत नाही. या तिन्ही झाल्या की झोपताना हात जोडून ओंजळ करायची, तिन्ही म्हणून ओंजळीत फुंकायचं आणि अंगावरून हात फिरवायचा, असं तीनदा, हे हुजूर (पैगंबर) सल्लल्लाहु अलैहि वसल्लम रोज रात्री करायचे, बुखारीत आहे. मुलीच्या अंगावरून पण हात फिरवा. बघा महिनाभरात ती तुमच्याआधी म्हणायला लागेल.

मग इन्ना आतैना दुरुस्त करा, आणि त्याच्यासोबत वल अस्र घ्या, ती या दहांत येत नाही पण तीनच आयतींची आहे. मग इजा जाआ, मग तब्बत यदा, मग लिईलाफि, मग अलम तरा. अलम तरा ही हत्तींची गोष्ट आहे, अबरहा काबा पाडायला निघतो आणि पक्षी दगड टाकतात, गोष्ट असली की आयती एकामागून एक येतात. अरऐतल्लजी शेवटी शेवटी, त्यात सात आयती आणि उच्चार थोडे अवघड.

काफिरून सगळ्यात शेवटी ठेवा असं मी सांगते आणि त्यावर खूप जणी वाद घालतात कारण ती सोपी वाटते. सहा आयतींची आहे खरी, पण तिसरी आणि पाचवी आयत अक्षर न अक्षर सारखी आहे, आणि दुसरी नि चौथी सारख्या वाटतात पण नाहीत. नवीन माणूस तिसरीवरून थेट "लकुम दीनुकुम" वर जातो किंवा गोल गोल फिरत राहतो. पाठांतराचा थोडा सराव झाला की मग ती आठवडाभरात बसते. ती बसली की फजरच्या सुन्नतीत पहिल्या रकातीत काफिरून आणि दुसरीत कुल हुवल्लाह ठेवा, ही सुन्नत आहे आणि त्या निमित्ताने काफिरूनची रोज एक पक्की जागा होते.

यात एक लक्षात ठेवा. पाठ करताना आपण शेवटून वर जातो पण नमाजेत वरून खाली यायचं, म्हणजे पहिल्या रकातीत फलक आणि दुसरीत नास, उलटं मुद्दाम करू नये. आणि ओठ हलले पाहिजेत, मनातल्या मनात वाचलं तर ती किरात, म्हणजे पठण, होत नाही. कितीतरी बायका वर्षानुवर्षं मनात वाचतात.

या दहांनंतर आयतुल कुर्सी. बकरहची २५५ वी आयत, दिसायला लांब म्हणून भीती वाटते, पण ती दहा छोट्या वाक्यांची आहे. रोज एक वाक्य, दहा दिवस. तिची जागा झोपताना. म्हणजे बघा, तुमच्या भावाचं पण मन राहिलं, बकरहमधलं काहीतरी आलंच. पूर्ण बकरह २८६ आयती, जवळजवळ अडीच पारे, त्याने सुरुवात करून सोडलेल्या मी डझनभर तरी बघितल्या आहेत. पूर्ण हिफ्जला बसलेल्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांचा दिवस त्यासाठीच असतो, आणि त्यांचे उस्तादसुद्धा बहुतेक वेळा आधी अम्मा पाराच करून घेतात.

३० दिवसांत अम्मा पारा वाल्या टाइमटेबलबद्दल. अम्मा पाऱ्यात ३७ सूरह आहेत, त्यात नबा ४० आयतींची, नाजिआत ४६ ची, अबस ४२ ची. टाइमटेबलमध्ये नवीन सबक रोज असतो पण जुन्याची उजळणी कुठेच नसते. मदरशात रोजचे तीन भाग असतात, सबक म्हणजे आजचं नवीन, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचं आणि मंजिल म्हणजे जुनं सगळं, आणि जोर असतो तो मागच्या दोघांवर. तुम्ही घरी पण तेच करा. नवीन रोज एक आयत, मोठी असली तर अर्धी. ती सकाळी फजरनंतर वीस वेळा, मग दिवसभरात भांडी घासताना, नाशिकरोडहून बसने जाताना, जेव्हा आठवेल तेव्हा. रात्री न बघता म्हणता आली तर दुसऱ्या दिवशी पुढची, नाही आली तर तीच. जुम्म्याला नवीन काही नाही, फक्त जुनं. या हिशेबाने त्या ४१ आयतींना तीन ते चार महिने धरा. कोणी विचारलं इतके दिवस? तर हो, इतके दिवस, आणि त्या मग राहतात.

ऐकायला कोणीतरी एकच कारी (कुरआन पढणारा) निवडा आणि तोच ठेवा. मी शेख महमूद खलील अल-हुसरी यांचं रेकॉर्डिंग सांगते. इजिप्तचे, १९१७ ते १९८० चा काळ, त्यांच्या वाचण्यात घाई नाही, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं. शेख मिन्शावींचं मुलांसोबतचं एक रेकॉर्डिंग आहे, ते म्हणतात आणि मागून मुलं म्हणतात, ते तुमच्या मुलीसाठी पण छान. रोज वेगळा आवाज लावला की चाल बदलते आणि चाल बदलली की आयत सुटते. तसंच मुसहफ, म्हणजे कुरआनची प्रत, पण एकच ठेवा, चौक मंडई किंवा दूध बाजाराकडे मिळतात, १५ ओळींचा घ्या, काही महिन्यांनी पानाचं चित्रच डोळ्यासमोर राहतं, की ही आयत डाव्या पानावर वरून तिसरी.

आता बायकांचा प्रश्न जो तुम्ही विचारला नाही पण पुढच्याच महिन्यात विचाराल. हैजच्या, म्हणजे पाळीच्या, दिवसांत काय? हनफी मसलकात (पंथात) त्या दिवसांत तिलावत म्हणजे कुरआन पढणं करत नाहीत, ऐकायला मात्र हरकत नाही, आणि कुरआनातल्या दुआ दुआच्या नियतीने म्हणता येतात. आपल्याकडे कोकणी घरांत शाफई मसलक असतो, मतांमध्ये बारीकसारीक फरक आहेत, तुमच्या घरचे आलिम (धर्माचे जाणकार) असतील त्यांना विचारून घ्या. मी माझ्या मुलींना त्या दिवसांत फक्त ऐकायला आणि मराठी तर्जुमा (अनुवाद) वाचायला सांगते. नमाज बंद असते म्हणजे त्या २५ जागा पण बंद, त्यामुळे पाक झाल्यावर पहिले दोन दिवस नवीन सबक घ्यायचा नाही, जुनं सगळं एकदा फिरवून घ्यायचं. हे न केल्यामुळे खूप जणींचं पाठांतर दर महिन्याला दोन पावलं मागे जातं आणि त्यांना वाटतं आपलं डोकंच कमी आहे. डोकं कमी नसतं, पद्धत पुरुषांची वापरलेली असते.

एवढं सगळं सांगून मी माझाच क्रम एकदा मोडला होता ते पण सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी एक बाई यायच्या, सातपूरला नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घरात रोजची भांडणं. त्यांचं लक्षच लागेना, सबक तिथल्या तिथे. एक दिवस मी त्यांना वद्दुहा सूरहचा अर्थ मराठीत सांगितला, की वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, यायची काही काळ थांबली होती, हुजूर फार दुःखी होते, लोक टोमणे मारत होते, तेव्हा ही सूरह आली, "तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही आणि तो नाराजही नाही". त्या म्हणाल्या आपा, मला हीच पाहिजे. ११ आयती, माझ्या क्रमात ती कितीतरी पुढे होती, पण दिली. नऊ दिवसांत पाठ. त्यानंतर अलम नशरह, मग बाकीच्या छोट्या सूरह आपोआप आल्या. म्हणून मनात एखादी सूरह घट्ट बसली असेल तर तिला थांबवू नका, फक्त ती लांब असेल तर तिचा तुकडा घ्या.

मुल्क चांगली आहे, ३० आयती, अडीच पानं, तिची शफाअतीची, म्हणजे ती वाचणाऱ्याची शिफारस करते अशी, हदीस तिर्मिजीत आहे आणि तिला झोपण्याआधीची जागा पण आहे. ती पुढच्या वर्षीची समजा. तोपर्यंत रात्री बघून वाचा किंवा ऐका, कान तयार होतो आणि मग पाठ करताना निम्मी आधीच आलेली असते. जाऊबाईंना म्हणा, सोबत वाचूया.

आणि यासीन. सासूबाई ती का सांगतायत ते मला कळतं, अब्बांसाठी. ताई, अब्बांसाठी वाचायला ती पाठ असायची गरज नाही. कायदा झाला की बघून वाचा, जुम्म्याला वाचा, हळू वाचा. पण तुम्हाला आजच अब्बांसाठी काही पाठ करायचं असेल तर बनी इस्राईल सूरहच्या २४ व्या आयतीतला शेवटचा तुकडा घ्या, "रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सगीरा". माझ्या रबा, या दोघांवर रहम कर, जसं त्यांनी मला लहानपणी वाढवलं. ही दुआ आहे, नमाजेत दुरूदनंतर सलाम फिरवायच्या आधी म्हणता येते, आणि दुआच्या नियतीने हैजच्या दिवसांतही. फक्त "र्हम्हुमा" कडे लक्ष द्या, मराठीत दोन्ही ह सारखेच लिहिलेत पण पहिला ह घशाच्या मधून, घोटून येतो आणि दुसरा आपला साधा, हवेचा. अल-हुसरींची ती एक आयत लावा, दोन्ही ह वेगळे ऐकू येईपर्यंत ऐका, मग म्हणा, आणि मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून कोणा जाणकार बाईला ऐकवा.